टाकळा एक की दोन? पुस्तकांचं जमत नाही तेव्हा वहीत काय लिहायचं?

टेकडीवाटा | १४ सप्टेंबर, सकाळी ९.१२

नमस्कार मंडळी,

गेली सहा वर्षं मी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर रोज सकाळी जाते. त्यातली चार वर्षं एक वही ठेवली आहे. तारीख, जागा, मराठी नाव, शास्त्रीय नाव असे साधे रकाने. वनस्पतीशास्त्र शिकलेले नाही, बँकेत नोकरी केली. पण या वहीवर माझा फार जीव आहे, आणि सध्या ती एकाच झाडापाशी अडली आहे.

झाड आपला टाकळा. आषाढात कोवळा असताना भाजी करतो तो. खाणीकडे जाणाऱ्या वाटेच्या दोन्ही बाजूंना सध्या कमरेएवढा वाढलाय. परवा पाऊस थांबला म्हणून खाली बसून नीट पाहिलं. वाटेच्या डावीकडच्या झाडांना शेंगेचा देठ आखूड, जेमतेम नखाएवढा. उजवीकडच्या झाडांना देठ लांब, बोटाच्या पेरापेक्षाही थोडा जास्त. शेंगा दोन्हीकडे बारीक, विळ्यासारख्या वाकलेल्या. फुलं पिवळी. पानं मला तरी सारखीच वाटली, तीन तीन जोड्यांची.

घरी येऊन पुस्तकं काढली. कुक यांच्या 'फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे'ची पुनर्मुद्रित प्रत भावाने दिली आहे. त्यात नाव आहे कॅसिया टोरा, आणि एवढंच. रानभाज्यांच्या एका मराठी पुस्तिकेतही कॅसिया टोरा. नेटवर एका ठिकाणी सेन्ना टोरा. दुसऱ्या ठिकाणी सेन्ना टोरा वेगळी आणि सेन्ना ऑब्ट्युसिफोलिया वेगळी. तिसऱ्या ठिकाणी लिहिलंय की दोन्ही नावं एकाच झाडाची. मोबाइलवरच्या ॲपला डावीकडच्या झाडाचा फोटो दाखवला तर ऑब्ट्युसिफोलिया म्हणालं, त्याच झाडाचा दुसऱ्या कोनातला फोटो दाखवला तर टोरा.

चौथ्या रकान्यात चार वेळा खोडलंय. कुणाचं धरायचं? सगळ्यात नवीन पुस्तक ते बरोबर, असं असतं का? आणि जाणकारांचंच एकमत नसेल तर माझ्यासारखीनं वहीत काय लिहावं?

---

तरोटा_वर्धा | १४ सप्टेंबर, सकाळी १०.०५

ताई, आमच्याकडे विदर्भात याला तरोटा म्हणतात. पहिल्या पावसानंतर आठ-पंधरा दिवसांत कोवळा खुडायचा, कांदा-लसूण आणि भिजवलेली डाळ घालून भाजी. बिया भाजून कॉफीसारखं करणारेही आहेत. पण दोन प्रकारचा तरोटा असतो असं आईकडूनही कधी ऐकलं नाही. पुण्यात येऊन बारा वर्षं झाली, इथल्या टेकड्यांवरही मी तो एकच समजून खुडत आलोय. आता जाऊन देठ बघणार.

---

कोकणकडा | १४ सप्टेंबर, दुपारी १.४०

आमच्याकडे टायकळा. तरोटावाल्या दादांनी म्हटलं त्यावरून एक विचार आला. लोकांनी या झाडाला नाव दिलं ते खाण्याच्या वयात. तेव्हा त्याला ना फूल असतं ना शेंग, चार पानांचं रोप असतं. फरक दिसतो भाद्रपदात, तोवर आपण त्याच्याकडे पाहणं सोडलेलं असतं. त्यामुळे मराठीत दोन नावं नाहीत यावरून झाडं दोन नाहीत असं धरता येणार नाही. उलट खाणाऱ्याच्या दृष्टीने एकच नाव पुरेसं आहे, कारण दोन्हींची भाजी होते.

---

शुष्कपान | १४ सप्टेंबर, रात्री ९.२२

टेकडीवाटा ताई, देठ मोजायला तुम्ही खाली बसलात याचा मला फार आनंद झाला. मी तीस वर्षं महाविद्यालयात वनस्पतीशास्त्र शिकवलं. विद्यार्थी फुलापाशी थांबतात, देठ कुणी पाहत नाही.

तुमच्या पुस्तकांमध्ये दोन वेगळी भांडणं आहेत आणि ती एकमेकांत मिसळली आहेत. आधी ती सोडवू.

पहिलं भांडण कॅसिया की सेन्ना. हे नावाचं भांडण आहे, झाडाबद्दल त्यात फारसा वाद नाही. जुन्या व्याख्येत कॅसिया ही प्रचंड मोठी प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या झाडांचा गट) होती. बहावा, टाकळा, तरवड, कासुंदा, सगळे तिच्यात. १९८२ मध्ये आयर्विन आणि बार्नबी यांनी तिचे तुकडे केले. बहाव्याचं फूल आठवा: खालचे तीन पुंकेसर लांबलचक, बाकदार, फुलाबाहेर झुकलेले. ते कॅसियात राहिले. टाकळा, तरवड यांचे पुंकेसर आखूड आणि सरळ, ते सेन्नात गेले. म्हणून आज कॅसिया फिस्टुला हे बहाव्याचं नाव टिकलं आणि टाकळ्याचं बदललं.

पण इथे एक गंमतीची गोष्ट आहे. सेन्ना टोरा हे नाव १९८२ चं नाही. रॉक्सबर्ग यांच्या 'फ्लोरा इंडिका'त ते १८३२ मध्ये छापलेलं आहे. कुक यांचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. म्हणजे ज्याला आपण 'नवीन नाव' म्हणतो ते कुक यांच्या जन्माच्या आगेमागेचं आहे, आणि ज्याला 'जुनं पुस्तक' म्हणतो त्यात त्यानंतरचं मत आहे. पुस्तकाच्या सालावरून नावाचं वय ठरवू नका.

दुसरं भांडण टोरा एक की टोरा आणि ऑब्ट्युसिफोलिया दोन. हे खरंखुरं झाडाबद्दलचं भांडण आहे. लिनियसने १७५३ मध्ये एकाच ग्रंथात कॅसिया टोरा आणि कॅसिया ऑब्ट्युसिफोलिया अशी दोन्ही नावं दिली. पुढे एकोणिसाव्या शतकात बहुतेकांनी दोन्ही एकत्र धरली, आणि आपल्याकडचे फ्लोरा, म्हणजे एकेका प्रदेशातल्या वनस्पतींचे ग्रंथ, त्याच मतावर लिहिले गेले. कुक यांच्याकडे एकच नाव दिसतं ते त्यामुळे. त्यांनी दुसरं झाड पाहिलं नाही असा अर्थ काढू नका. कदाचित पाहिलं असेल आणि टोराच म्हटलं असेल. १९५८ मध्ये ब्रेनन यांनी आफ्रिकेतल्या कॅसियांवर काम करताना दोन्ही पुन्हा वेगळी केली आणि त्यासाठी चांगली, मोजता येणारी लक्षणं दिली.

ती अशी. टोरात शेंगेचा देठ आखूड, साधारण सेंटीमीटरभर. ऑब्ट्युसिफोलियात दीड ते अडीच सेंटीमीटर किंवा थोडा जास्त. टोरात पानाच्या दांड्यावर खालच्या दोन जोड्यांमध्ये प्रत्येकी एक ग्रंथी, बारीक उभट टोकासारखी, केशरी-तपकिरी. ऑब्ट्युसिफोलियात ती बहुधा फक्त सर्वांत खालच्या जोडीत. आणि पिकलेल्या बीच्या बाजूवर एक वेगळ्या पोताचा पट्टा असतो. टोरात तो रुंद, दीड-दोन मिलिमीटर. ऑब्ट्युसिफोलियात अगदी अरुंद, अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त नाही.

तुम्ही फक्त एक लक्षण पाहिलं आहे. ग्रंथी बघा. भिंग दहापटीचं पुरे. बियांसाठी डिसेंबरपर्यंत थांबावं लागेल.

---

सडा_आणि_धुकं | १५ सप्टेंबर, सकाळी ७.५०

सर, मुद्दा पटला, पण व्यवहारात आमच्यासारख्यांनी काय करायचं? मी निरीक्षणं ऑनलाइन टाकतो. तिथे एकच नाव निवडावं लागतं. माझा नियम सोपा आहे: लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाची 'प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन' ही यादी जे नाव स्वीकारते ते घ्यायचं. जगभर सगळ्यांनी एकच यादी धरली तर गोंधळ संपेल. बाभळीचंच बघा. अकेशिया निलोटिका म्हणायचं की वाचेलिया निलोटिका, यावर लोक अजून वाद घालतात, पण २००५ मध्ये व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतीशास्त्र काँग्रेसमध्ये निर्णय झाला आणि २०११ मध्ये मेलबर्नला तो कायम राहिला. अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडे गेलं. आपली बाभूळ वाचेलिया, खैर सेनेगालिया. मग जुनं धरून बसण्यात अर्थ काय?

---

शुष्कपान | १५ सप्टेंबर, सकाळी ११.१५

तुमच्या पिढीने नोंदी करायला घेतल्या याचंच मला अप्रूप आहे, म्हणून हे मनापासून लिहितो.

बाभळीचा निर्णय नावाच्या नियमांचा आहे. काँग्रेसमध्ये मतदान झालं ते 'अकेशिया' हा शब्द कुणी वापरायचा यावर. तुमच्या अंगणातली बाभूळ कोणती हे तिथे कुणी ठरवलं नाही. नाव कोणतं हे यादी सांगू शकते. झाड कोणतं हे सांगायला झाडच पाहावं लागतं. यादीत दोन्ही स्वीकृत असताना तुम्ही चुकीचं निवडलंत तर यादी तुम्हाला थांबवणार नाही.

आणि याद्याही बदलतात. 'द प्लँट लिस्ट' २०१० मध्ये आली, २०१३ नंतर तिच्यात बदल झाले नाहीत, तरी तिचा हवाला आजही लोक देतात. आपल्या शिंदळ माकुडीचं उदाहरण घ्या, शिवसुमनही म्हणतात तिला. डॅल्झेल यांनी तिला मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्यावरून फ्रेरिया इंडिका असं नाव दिलं. नंतर ती कॅरालुमात गेली. तिथे 'इंडिका' हे विशेषण आधीच दुसऱ्या झाडाला लागलेलं होतं, म्हणून ती कॅरालुमा फ्रेरेई झाली. मग बोसेरोशिया फ्रेरेई. २०१७ मध्ये ब्रॉइन्स आणि सहकाऱ्यांनी हा सगळा गटच सेरोपेजियात, म्हणजे कंदीलपुष्पांच्या प्रजातीत घालावं असं मांडलं. आपल्या कड्यावरची ती वेल तिथेच लटकते आहे, पावसाळ्यात तिला मांसल पानं येतात, उन्हाळ्यात गळतात. चार नावं बदलून गेली. यातलं कोणतंही नाव वापरणारा माणूस अडाणी नाही, पण तो कुणाचं मत धरतोय हे त्याने लिहिलं पाहिजे.

(तिच्या नेमक्या जागा इथे कृपया कुणी लिहू नयेत. लोक कड्यावरून खरवडून नेतात.)

---

निंबछाया | १५ सप्टेंबर, रात्री १०.३०

मी आयुर्वेदाची वैद्य आहे, सदाशिव पेठेत दवाखाना आहे. हा धागा वाचून राहवलं नाही. आमच्या शास्त्रात नावाच्या गोंधळाला 'संदिग्ध द्रव्य' असा स्वतंत्र शब्दच आहे. शंखपुष्पी म्हणून कुणी विष्णुक्रांत देतं, कुणी कॉन्व्हॉल्व्ह्युलस, कुणी गोकर्ण. ब्राह्मी म्हटलं की महाराष्ट्रात बऱ्याच घरांत गोल पानांची मंडूकपर्णी कुंडीत असते, आणि ग्रंथांतली ब्राह्मी म्हणून बहुतेक जण बाकोपा धरतात. टाकळ्याला आम्ही चक्रमर्द म्हणतो, दद्रुघ्न म्हणजे नायटा घालवणारा.

पण मला सांगायचंय ते रानकांद्याबद्दल, कारण तिथे हा प्रश्न वहीपुरता राहत नाही.

काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या कुटुंबातला मुलगा सिंहगडाच्या बाजूने कांदे घेऊन आला. त्याने नेटवर 'सिल्ला इंडिका' असं नाव शोधलं होतं आणि त्याखाली एका ठिकाणी काही औषधी उपयोग लिहिलेले होते. मला दाखवायला आणले म्हणून बरं झालं. मी स्वतः तेव्हा गोंधळले. एका पुस्तकात सिल्ला इंडिका म्हणजे कोळकांदा होता, दुसऱ्यात तो पूर्ण वेगळाच, पानांवर जांभळे ठिपके असलेला छोटा कांदा. दोन्ही पुस्तकं चांगली. कुठलंच चुकीचं छापलेलं नव्हतं.

उत्तर मिळालं ते नावाच्या शेपटीत, म्हणजे शास्त्रीय नावामागे ते देणाऱ्याचं नाव लिहितात त्यात. रॉक्सबर्ग यांनी सिल्ला इंडिका म्हटलं ते कोळकांद्याला. कुंथ यांनी त्याला पुढे अर्जिनिया इंडिका केलं, आज तो ड्रिमिया इंडिका. बेकर यांची सिल्ला इंडिका मात्र ठिपक्यांच्या पानांची, आणि हुकर यांच्या 'फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया'त तीच आहे. आज ती लेडेबुरियात जाते. तिच्यातही पुन्हा मतभेद: कुणी तिला आफ्रिकेतल्या लेडेबुरिया रिव्होल्यूटासोबत एक करतात, कुणी रोथ यांच्या १८२१ च्या हायसिंथिना या नावाखाली वेगळी ठेवतात. म्हणजे अक्षर न् अक्षर तेच नाव, दोन झाडं. नावामागे 'रॉक्सबर्ग' आहे की 'बेकर', एवढ्यावर ओळख बदलते. आपण मात्र नक्कल करताना नेमकं तेच शेवटचं नाव गाळतो.

कोळकांद्यात हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं आहेत. मात्रा चुकली तर जीवावर बेततं. दुसराही कांदा कुणी खाऊन बघू नये.

ओळखायला मला सोपं पडतं ते असं. कोळकांद्याचा दांडा भर उन्हाळ्यात, एप्रिल-मे मध्ये, पानं नसतानाच येतो. उंच, बारीक, आणि फुलं संध्याकाळनंतर उघडतात. पानं नंतर पावसात येतात, ठिपक्यांशिवाय. ठिपकेवाला पावसाच्या सुरुवातीला पानं आणि फुलं घेऊनच येतो, जमिनीलगत पसरतो.

---

रानभाजी_पौड | १६ सप्टेंबर, सकाळी ६.१५

नमस्कार. मी मुळशी तालुक्यातली. आमच्याकडे माहेरी-सासरी सगळ्याजणी रानभाज्या खुडतात, पावसाळ्यात कोथरूडला विकायलाही आणतो.

वैद्य ताईंनी कांद्याचं लिहिलं ते लाख मोलाचं. माझ्या आत्येसासूबाई सांगायच्या, कांदा खणायचाच नाही, तो कोणताही असो. नावाचं विचारलं तर म्हणायच्या, नाव माणसाला लागतं, ओळख हाताला लागते. फोडशी खुडताना पातीच्या बुडाशी हात गेला की त्यांना समजायचं ही फोडशी की दुसरंच काही. डोळे अधू झाल्यावरही त्यांची चूक झालेली मी पाहिली नाही.

टाकळ्याबद्दल: आम्हाला दोन प्रकार माहीत आहेत. नावं नाहीत, पण 'बांधावरचा' आणि 'रस्त्याकडचा' असं आम्ही म्हणतो. रस्त्याकडच्याला वास उग्र, म्हणून भाजीला बांधावरचा घ्यायचा. तो तुमचा देठवाला फरक आहे की नुसता जागेचा, ते मी या वर्षी पाहून सांगते.

---

कोकणकडा | १६ सप्टेंबर, सकाळी ८.४४

मी परवा मराठीत एकच नाव पुरेसं आहे असं लिहिलं होतं. रानभाजी ताईंनी ते खोटं ठरवलं. नाव होतं, फक्त ते पुस्तकात आलं नव्हतं. माझं विधान मागे घेतो. ताई, तुमचा हा बांधावरचा-रस्त्याकडचा फरक तारखेनिशी लिहून ठेवा, अशी कळकळीची विनंती.

---

सडा_आणि_धुकं | १६ सप्टेंबर, रात्री ९.०१

सिल्ला इंडिकाचं वाचून मी माझ्या जुन्या नोंदी उघडल्या. दोन ठिकाणी मी लेखकाचं नाव न लिहिता 'सिल्ला इंडिका' लिहिलंय, फोटो फक्त कांद्याचा. आता ते कोणतं होतं हे मलाच सांगता येत नाही. जागा आठवते, झाड आठवत नाही. नोंदी काढून टाकू का?

---

शुष्कपान | १६ सप्टेंबर, रात्री ९.४०

काढू नका. 'कांदा, पानं-फुलं पाहिली नाहीत, ओळख अपुरी' असं लिहा आणि ठेवा. जागा आणि तारीख खरी आहे, ती वाया घालवू नका. मे महिन्यात त्याच जागी जा. दांडा उभा दिसला तर निम्मं उत्तर मिळेल.

टेकडीवाटा ताईंच्या मूळ प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं. हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, काय करतात ते सांगतो, त्यातून तुम्हाला तुमच्या वहीसाठी सुचेल. पुण्यात कोरेगाव रस्त्यावर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र १९५५ पासून आहे, आणि आगरकर संशोधन संस्थेतही हर्बेरियम आहे. दाबून वाळवलेलं झाड साधारण २८ गुणिले ४२ सेंटीमीटरच्या जाड कागदावर चिकटवतात. कोपऱ्यात चिठ्ठी: कुणी, कुठे, कधी गोळा केलं, आणि त्याला काय म्हटलं. पुढे वीस वर्षांनी दुसरा अभ्यासक आला आणि त्याचं मत वेगळं पडलं तर तो पहिली चिठ्ठी फाडत नाही. तिच्या शेजारी स्वतःची छोटी चिठ्ठी लावतो, नाव आणि सालासह. एकेका कागदावर अशा तीन-तीन, चार-चार चिठ्ठ्या मी पाहिल्या आहेत. वर झाड तेच. खालून वर वाचत गेलं की त्या झाडाबद्दल माणसं कशी विचार करत गेली ते दिसतं. माझ्या नोकरीतला तो सगळ्यात आवडता वाचनाचा प्रकार होता.

तुम्ही चौथ्या रकान्यात चार वेळा खोडलंत. खोडू नका. एकाखाली एक लिहा.

---

टेकडीवाटा | २८ सप्टेंबर, सकाळी ११.३०

सर, वैद्य ताई, सगळ्यांना धन्यवाद. दोन आठवडे काय केलं ते सांगते.

नातवाचं भिंग घेतलं, आलेख कागदाची एक पट्टी पुठ्ठ्याला चिकटवली आणि वाटेवरची बारा झाडं निवडली, डावीकडची सहा, उजवीकडची सहा. एकही उपटलं नाही. प्रत्येकाच्या फांदीला रंगीत दोरा बांधला. प्रत्येकाचे पाच-पाच देठ मोजले आणि पाच-पाच पानं पाहिली, कारण एका पानावरून ठरवलं असतं तर फसले असते: दोन-तीन पानांवर ग्रंथी गळून गेलेली होती, नुसता वण होता.

डावीकडची सहाही झाडं सर म्हणाले तशी. देठ सात ते दहा मिलिमीटर, ग्रंथी खालच्या दोन जोड्यांत. पहिल्यांदा ती ग्रंथी भिंगातून दिसली तेव्हा मी तिथेच बसून राहिले. चार वर्षं या झाडाजवळून रोज गेले आणि ती तिथेच होती.

उजवीकडची पाच झाडं: देठ अठरा ते चोवीस मिलिमीटर, ग्रंथी एकच, सगळ्यात खालच्या जोडीत.

सहावं मात्र अडलंय. त्याचा देठ तेरा-चौदा मिलिमीटर. पाचपैकी तीन पानांवर ग्रंथी एक, दोन पानांवर दोन. शेंगा अजून हिरव्या. तो निळ्या दोऱ्याचा आहे.

आणि ॲपचं: तेव्हा गोंधळ माझ्या फोटोमुळे होता. मी फुलाचा आणि वरच्या पानांचा फोटो काढत होते. ज्या दोन जागांवर फरक आहे त्या फोटोत नव्हत्याच.

---

तरोटा_वर्धा | २८ सप्टेंबर, दुपारी ४.१०

ताई, मी तळजाईवर पाहिलं. मला फक्त लांब देठाचीच मिळाली, नऊच्या नऊ. ग्रंथी एकच. म्हणजे बारा वर्षं मी तरोटा म्हणून जे खात होतो ते बहुधा ऑब्ट्युसिफोलिया. भाजी आईच्या हातच्यासारखी का लागत नाही याचं कारण मला कदाचित सापडलं असेल, पण दिवाळीत वर्ध्याला गेल्यावर तिथले देठ मोजल्याशिवाय बोलणार नाही.

---

निंबछाया | २९ सप्टेंबर, सकाळी ८.००

निळ्या दोऱ्याबद्दल: सर, हा संकर असू शकतो का?

---

शुष्कपान | २९ सप्टेंबर, सकाळी १०.२०

असू शकतो असं म्हणणं सोपं आहे, म्हणूनच मी म्हणत नाही. एका झाडावरून संकर ठरत नाही. जागा दगडाळ असेल, झाड कोवळं असेल, देठ अजून वाढायचा असेल. बिया पिकू द्या.

---

टेकडीवाटा | ११ डिसेंबर, सायंकाळी ६.०५

धागा वर काढतेय. शेंगा वाळल्या.

बारापैकी दहा दोरे मिळाले. दोन झाडं गवत कापताना गेली. आठवडाभर रोज थोड्या शेंगा फोडून बिया पांढऱ्या ताटलीत ठेवल्या आणि भिंगाखाली पाहिल्या. डावीकडच्या पाच झाडांच्या बियांवर रुंद पट्टा, अगदी स्पष्ट, जणू कुणी ब्रशने ओढलाय. उजवीकडच्या चार झाडांच्या बियांवर नुसती रेघ. देठ, ग्रंथी आणि बी, तिन्ही लक्षणं एकाच बाजूला गेली. त्या वाटेवर टाकळे दोन आहेत, याबद्दल आता माझ्या मनात शंका नाही.

निळ्या दोऱ्याच्या झाडाला तीनच शेंगा धरल्या. देठ शेवटी पंधरा मिलिमीटरवर थांबला. बियांवरचा पट्टा अरुंद आहे, पण बाकीच्या चौघांपेक्षा किंचित रुंद, माझ्या पट्टीवर पाऊण मिलिमीटरच्या आसपास. माझ्या भिंगाने यापेक्षा नीट मोजता येत नाही. बिया कागदाच्या पुडीत तारखेसह ठेवल्या आहेत. सरांनी पाहायला मागितल्या आहेत, रविवारी त्यांच्याकडे घेऊन जाते.

रानभाजी ताईंनी पौडहून दोन्हीकडच्या शेंगा पाठवल्या होत्या, 'बांधावरचा' आणि 'रस्त्याकडचा' अशा चिठ्ठ्या लावून. बांधावरचा आखूड देठाचा आणि रुंद पट्ट्याचा निघाला, रस्त्याकडचा लांब देठाचा आणि रेघेचा. दोन्ही पुड्या मी त्यांच्या शब्दांसकट जपून ठेवल्या आहेत.

वहीतली नवी नोंद इथे उतरवते, काही चुकलं असेल तर सांगा:

वेताळ टेकडी, खाणीकडची वाट, डावी बाजू. टाकळा, पौडकडे 'बांधावरचा'. सेन्ना टोरा (लिनियस) रॉक्सबर्ग. कुक यांच्याकडे कॅसिया टोरा, दोन्ही टाकळे एकत्र धरून. देठ ७ ते १० मिमी, ग्रंथी दोन, बीवरचा पट्टा रुंद. ब्रेनन यांची लक्षणं धरली. २८ सप्टेंबर आणि ११ डिसेंबर.

उजवी बाजू. टाकळा, पौडकडे 'रस्त्याकडचा'. सेन्ना ऑब्ट्युसिफोलिया (लिनियस) आयर्विन आणि बार्नबी. कुक यांच्याकडे वेगळं नाव नाही. देठ १८ ते २४ मिमी, ग्रंथी एक, पट्टा रेघेएवढा. तारखा त्याच.

उजवी बाजू, निळा दोरा. टाकळा. सेन्ना, वरच्या दोहोंपैकी कोणती ते ठरलेलं नाही. देठ १५ मिमी, ग्रंथी काही पानांवर एक, काहींवर दोन, पट्टा पाऊण मिमी. बिया पुडीत. खाली जागा मोकळी सोडली आहे.

---

रानभाजी_पौड | ११ डिसेंबर, रात्री ८.३०

ताई, आत्येसासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, निळ्या दोऱ्याचं बी आषाढात आमच्या परसात पेर, रोप आलं की मला हात लावून बघू दे.